चिपचं गाऱ्हाणं

निशिगंधा भाटकरला राग येत नसे. यायला तो कधी गेलेलाच नसायचा. तीन वर्षं तो तिच्याकडे मुक्कामाला होता, तिच्याबरोबर उठत होता, तिच्याबरोबर दुकान उघडत होता, आणि शेजारच्या गाळ्याचं शटर वर गेलं की तिच्या आधी दारात जाऊन उभा राहत होता.

शेजारचा गाळा विनीतचा. विनीत म्हणजे कोणी परका नव्हे, सख्ख्या काकाचा मुलगा. रत्नागिरीत मारुती मंदिराकडून खाली येताना भाटकर बिल्डिंग लागते, ती या दोघांच्या आजोबांनी बांधलेली. गाळे दोन, मधली भिंत एक, मागची विहीर एक. धंदाही एकच. गेम खेळायचे कॉम्प्युटर जोडायचे आणि विकायचे. फरक एवढाच की विनीतच्या पाटीवर निळे दिवे लागत आणि निशिगंधाच्या पाटीवर लाल.

या रंगांचं जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, आपली पोरं त्याला सरसकट चिप म्हणतात. असल्या मशीनसाठी तो बनवणाऱ्या बड्या कंपन्या दोन. नावं घ्यायची गरज नाही, खेळणारे त्यांना निळी आणि लाल म्हणून ओळखतात. दोघींचं भांडण आपल्या भाऊबंदकीच्या तोंडात मारेल असं. चिपला कळते ती मूळ भाषा निळीची, ती वापरायचा हक्क लालला करारानं मिळालेला. पुढे त्याच भाषेला चौसष्ट बिटांची वाढ दिली लालनं, आणि निळीला ती मुकाट घ्यावी लागली. म्हणजे जोतं एकीचं, माडी दुसरीची. कोर्टात एकमेकींच्या झिंज्या उपटून झाल्या, तरी विहीर आपली सामायिक!

स्वभाव मात्र दोघींचे निराळे. निळीच्या बड्या चिपमध्ये कामकरी भरपूर, काही मोठे, काही छोटे. सगळे एकदम कामाला लागले की काम धडाधड होतं, पण वीज खातात ती लग्नाच्या पंगतीसारखी. लालच्या खेळासाठीच्या चिपमध्ये कामकरी कमी, पण त्यांच्या डोक्यावरच सामानाचं मोठं कोठार रचलेलं, लागेल ते हाताशी. वीजही बेतात. कुठल्या खेळात ही पुढे, कुठल्या खेळात ती. पण हे शांतपणे ऐकून घेईल तो गेम खेळणारा कसला? निळ्या-लालवरून रत्नागिरीत पोरांनी एकमेकांच्या सायकलींची हवा सोडलेली आहे.

निशिगंधाचं भांडण मात्र कंपनीशी नव्हतं. तिचा दावा होता विनीतशी, आणि त्याला कारण होतं.

तिचा धाकटा भाऊ सुजय. आईवडील लवकर गेले, निशिगंधानंच त्याला वाढवलं. पोराचा हात खेळात असा चाले की मोठमोठे बघत राहत. तीन वर्षांपूर्वी पुण्याचा एक संघ कोकणातून खेळाडू निवडायला चिपळूणला आला होता. सुजयसाठी मशीन विनीतनंच बांधून दिली, निळीची सगळ्यात वरची चिप घालून, वर तिच्या नावाचं चकचकीत स्टिकर. आणि निवडीच्या दिवशी ऐन खेळात ती मशीन अडखळायला लागली. चित्र थांबे, उडी मारी, परत थांबे. सुजय पहिल्या फेरीतच बाहेर. पोरं हसली. "घाबरला भाटकर," म्हणाली.

घरी आल्यावर निशिगंधानं मशीन उघडली. चिपवरचा लेप पुसला आणि नाव वाचलं. आत सगळ्यात वरची चिप नव्हतीच. त्याच घराण्यातली, त्याच खाचेत बसणारी, पण अगदी हलकी चिप होती. वर मोठ्याचं नाव, आत हलका माल!

ती चिप मुठीत धरून ती तशीच विनीतच्या दुकानात शिरली. गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं. "माझ्या भावाच्या ताटात माती कालवलीस मेल्या!" तिनं सगळ्यांदेखत त्याचा उद्धार केला. विनीत आधी गोरामोरा झाला, मग चिडला. म्हणाला, "मी वरचीच घातली होती. मशीन तुमच्या घरात होती. तूच काढून विकली असशील!"

झालं. हे वाक्य दुपारपर्यंत माळनाक्यावर, संध्याकाळपर्यंत भाट्याच्या पुलापलीकडे पोचलं. निम्मं गाव म्हणे विनीतनं फसवलं, निम्मं गाव म्हणे बहिणीनंच भावाची चिप विकून खाल्ली. आईच्या जागी राहिलेल्या बाईला असं म्हणायचं? निशिगंधाला अन्न गोड लागेना. त्या वर्षी भाटकरांचे गणपती वेगळे झाले. सुजयनं माऊस खाली ठेवला तो ठेवलाच, आणि बोटीवर नोकरी धरून समुद्रात निघून गेला. जाताना एक शब्द बोलला नाही. आणि निशिगंधानं त्याच बिल्डिंगमधल्या आपल्या वाटणीच्या गाळ्यात लाल पाटी लावली. विनीतच्या नाकासमोर, मुद्दाम.

"गावासमोर त्याच्या तोंडाला काळं फासलं नाही तर भाटकरांची नाही," ती मनाशी म्हणत होती. एवढंच तिला हवं होतं. बाकी धंदा चालला काय, न चालला काय.

संधी यंदा आली. भैरीच्या आळीतलं कबड्डी मंडळ पन्नाशीत शिरलं, आणि मंडळाच्या पोरांनी हट्ट धरला की कबड्डी तर दरवर्षीचीच, या वेळी कॉम्प्युटरचीही स्पर्धा घ्या. खेळ ठरला जहाजांच्या लढाईचा. मूळ इंग्रजी नाव कोणाच्या जिभेवर बसेना म्हणून पोरं त्याला 'आरमार' म्हणत. सुरुवातीला चार गलबतं, दोन कोठारं, निवांत कारभार. शेवटी शेकडो जहाजं एकमेकांवर तुटून पडतात आणि चांगल्या चांगल्या मशीनला घाम फुटतो. अंतिम सामन्याला दोन मशीन, एक विनीतच्या दुकानातली निळी, एक निशिगंधाच्या दुकानातली लाल. आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून दोन्ही मशीनना बॅटरीचे यूपीएस. ते पुरवायचं काम मंडळानं निशिगंधाकडे दिलं.

यूपीएस हा शब्द ऐकला तेव्हाच तिच्या डोक्यात दिवा लागला.

दोन मोठे यूपीएस तिनं काढले. एक तसाच ठेवला. दुसऱ्याचं पोट तिनं मागच्या खोलीत दार लावून फाडलं, आतला जडशीळ ट्रान्सफॉर्मर आणि बॅटऱ्या काढल्या, आणि त्या जागी घरगुती छोट्या यूपीएसचं सामान बसवलं. कवच मोठ्याचं, स्टिकर मोठ्याचं. निळी मशीन निवांत चालेल तोवर हा पिटुकला तिला पेलणार. पण जहाजं भिडली, निळ्या चिपचे सगळे कामकरी उठले आणि विजेला हात पसरू लागले, की हा आधी टुंटुं करणार आणि मग डोळे मिटणार. दुकानात तिनं निळी चिप आणून, मशीन बांधून तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा पडदा काळा.

आपण नेमकं काय करतोय, वर एक आणि आत एक, हे तिला दिसलं नसेल? दिसलं. आणि तिला ते गोडच वाटलं. जशास तसं! स्क्रू आवळताना ती चक्क गुणगुणत होती.

पण नुसती मशीन बंद पडून काय होणार? लोक म्हणतील, कोकणात वीज जातेच. लोकांना कळायला हवं की हा न्याय झाला. त्यासाठी तिच्याकडे भागोजीकाका होते.

भागोजीकाका मंडळाचे सगळ्यात जुने पंच. गळ्यात शिट्टी, कमरेला धोतर, आणि गावात गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. आपल्याकडे कुठलंही कार्य नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही, मग ती कबड्डी असो नाहीतर आरमार. ज्याला जे सांगायचं असेल ते त्यानं काकांच्या कानात सांगावं, काका ते देवापुढे मांडतात, आणि जमलेल्या सगळ्यांनी मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. एक आवाज कमी पडला तरी काकांच्या कानाला कळतो, आणि गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही अशी त्यांची पक्की समजूत.

सामन्याच्या आठवडाभर आधी सुजय सुट्टीवर आला. निशिगंधानंच बोलावलं होतं. "एकदाच खेळ. माझ्यासाठी." बोटीवर राहून तो काळवंडला होता, दाढी राखली होती. आधी नको नको म्हणाला, मग तिच्या तोंडाकडे बघून तयार झाला. खेळायला बसला आणि जुना हात परत आला. एकेकाला लोळवत अंतिम सामन्यात पोचला. दुसऱ्या बाजूनं विनीतच्या दुकानाची खेळाडू आली, चिपळूणची दिशा. वाशिष्ठीच्या पुराचं पाणी माळ्यावर बसून पाहिलेली पोरगी, ती कशाला कोणाला भिते!

सामन्याच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये मांडामांड चालली होती. निशिगंधानं टेम्पोतून यूपीएस उतरवले. विनीत हॉलच्या दारात उभा होता. तीन वर्षांत पहिल्यांदा तो आपणहून बोलला.

"दे निशू, उचलतो मी. जड असतो तो."

"राहू दे!" ती फिस्कारली. "तुझे हात लागले की आतला माल बदलतो." आणि मग तिला आठवलं की तो जड असायला हवा. तिनं कमरेत वाकून, दात आवळून, "आई गं" करत तो पोकळ डबा उचलला आणि धापा टाकत निळ्या मशीनखाली नेऊन ठेवला. विनीत बघत राहिला आणि निघून गेला.

दुपारी हॉल भरला. खुर्च्या पुरेनात म्हणून पोरं खिडक्यांत बसली. एकीकडे लाल टोप्या, एकीकडे निळ्या, मधे भागोजीकाका नारळ घेऊन. निशिगंधा पुढे झाली आणि त्यांच्या कानाशी लागली. काकांच्या भुवया वर गेल्या.

"नाव घालू काय?"

"नाव नको. देवाला ठाऊक आहे."

काकांनी नारळ समोर धरला, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा देवा भैरी, बारा वाड्यांच्या म्हाराजा! आज ही लेकरं तुझ्या पायाशी खेळाक जमली, त्यांका यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हॉल दणाणला.

"आणि तीन वर्षांमागं चिपळूणच्या खेळाच्या टायमाला, ह्या सुजय भाटकराच्या मशीनची चिप ज्या कोणी बदलली असेल, खाल्लेलं असेल नि तोंड पुसलेलं असेल, त्याच्या समोरचा पडदा आज सगळ्यांदेखत काळा कर रे म्हाराजा!"

क्षणभर सगळे चपापले. मग सवयीनं आवाज उठला, "व्हय म्हाराजा!" निशिगंधा विनीतकडेच बघत होती. तो तिच्या डोळ्यांत डोळे घालून, छाती काढून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

निर्लज्ज, तिच्या मनात आलं. देवासमोरसुद्धा? थांब, आता थोडा वेळच राहिला.

पण काकांनी नारळ खाली ठेवला नाही. "एक आवाज कमी पडला," ते म्हणाले. त्यांची नजर फिरत फिरत सुजयवर थांबली. "काय रे, बोटीवर जाऊन देव इसरलास काय?"

हॉल हसला. सुजयनं कोरडे ओठ ओले केले. "व्हय म्हाराजा," तो पुटपुटला. एवढ्या लोकांत त्याचा आवाज बसला असेल असं निशिगंधाला वाटलं.

नारळ फोडायचा तो सामना संपल्यावर, आता खेळाडूंनी आपापल्या जागी बसायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात निळ्या टोपीतला एक पोरगा ओरडला की सुजय जिंकला तर ती लालच्या कोठाराची कमाल, त्याची नव्हे. लाल टोप्यांतून उत्तर आलं. मग कोणीतरी कोणाच्या आयशीचा उद्धार केला. खुर्च्या सरकल्या. भागोजीकाकांनी अशी शिट्टी फुंकली की खिडकीतलं एक पोर खाली पडलं.

"गप बसा! मैदान कधी कोणाच्या मालकीचं असतंय? तसंच हे मशीन. मशीन म्हणजे मैदान. टॉस करायचा, जिंकेल त्यानं बाजू घ्यायची."

निशिगंधा मधे पडली. "काका, ही कबड्डी नाही! कॉम्प्युटरच्या खेळात बाजू कसली?"

"मग काय पत्ते हायत? स्पर्धा मंडळाची, नियम मंडळाचे."

नाणं वर गेलं आणि खाली आलं. टॉस सुजयनं जिंकला. निशिगंधाचा जीव भांड्यात पडला. सुटले! तो लालच घेणार, आणखी काय घेणार?

"निळी," सुजय म्हणाला.

तिनं धावत जाऊन त्याचं कोपर धरलं. "वेड लागलं काय तुला?"

"ताई, तीन वर्षं लोक बोलतायत की विनीतदादाच्या मशीननं दगा दिला. मी त्याच्याच मशीनवर जिंकून दाखवतो. मग तरी हे मिटेल."

"तुला कोणी सांगितलंय मिटवायला?"

"कोणीतरी मिटवायलाच हवं ना." तो तिच्याकडे बघत नव्हता. त्यानं कोपर सोडवून घेतलं आणि निळ्या मशीनसमोर जाऊन बसला. त्याच्या पायाशी तो डबा होता.

आता काय करायचं? यूपीएस बदलायला मागावा तर का म्हणून? विचारतील, उचलायला चार जण धावतील, पहिला विनीतच धावेल, आणि उचलला की कळेल. सगळ्यांसमोर सांगावं? मग तीन वर्षं पाळलेला सूड कुठे गेला? तिच्या तोंडाला काळं आणि विनीत गावभर ताठ मानेनं! कदाचित टिकेल, तिनं स्वतःला सांगितलं. सुजय लवकर जिंकेल, जहाजं भिडायच्या आत. असं म्हणत ती तिथंच उभी राहिली. तीन पावलांवर भाऊ बसला होता आणि एक शब्द काढला असता तर वाचला असता, पण तो शब्द तिनं काढला नाही.

सामना सुरू झाला. गलबतं सुटली, कोठारं भरली. दिशा हुशार, तिनं खाडीच्या तोंडाशी जहाजं दडवून ठेवली. सुजयला ते कळलं, त्यानं घाई केली नाही. मोठ्या पडद्यावर बघणारे श्वास रोखून बसले. निळी मशीन लोण्यासारखी चालत होती, कुठे अडखळ नाही की उडी नाही. निळ्या टोप्याच आता सुजयच्या नावानं ओरडायला लागल्या, लाल टोप्या दिशाच्या. काय तरी एकेक!

मग सुजयनं आरमार हाकललं. शेकडो जहाजं एकमेकांत घुसली, तोफा सुटल्या, निळ्या मशीनचा पंखा घोंघावू लागला. सुजयच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत नव्हतं ते हसू आलं. दिशाची फळी फुटली. अजून थोडं, थोडंच.

टेबलाखालून टुं आवाज आला. परत टुं.

"वेळ संपली काय?" भागोजीकाकांनी विचारलं.

निशिगंधानं डोळे मिटले. तिनं उघडले तेव्हा सुजयसमोरचा पडदा काळा होता. हॉलमधले दिवे चालू, पंखे चालू, दिशाचा पडदा चालू. फक्त त्याच्या एकट्याचा काळा.

मग मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "देवानं दाखवला गो बाय!"

"गप बसा!" निशिगंधा किंचाळली. "मशीन बंद पडली, देव कसला! सुजय, ऊठ तू तिथनं!"

सुजय उठला. पण तिच्याकडे आला नाही. तो भागोजीकाकांसमोर जाऊन उभा राहिला, नारळाकडे बघत.

"व्हय काका. मीच."

"काय मीच?"

"चिप मी बदलली. विनीतदादानं वरचीच घातली होती. मला आणखी वेग हवा होता. इंटरनेटवर एकानं सांगितलं तसं तिला जास्त वीज देऊन पळवायला गेलो, आणि जाळली. चिपळूणचा सामना चार दिवसांवर आलेला. मित्राकडची जुनी चिप मागून आणली नि बसवली."

"मग बोलला का नाहीस रे?" हे निशिगंधानंच विचारलं. तिचाच आवाज तिला ओळखू आला नाही.

सुजयनं आता तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या भीतीनं, ताई. तुझा राग ठाऊक आहे ना मला. वाटलं, सामना जिंकल्यावर सांगेन. हरलो. आणि तू ती चिप घेऊन विनीतदादाच्या दुकानात गेलीस. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार होतो? पळून गेलो." तो विनीतकडे गेला आणि त्याच्या पायाशी वाकला. "दादा, तीन वर्षं तुझ्या नावावर खाल्लं मी."

विनीतनं त्याला उठवलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. लोकांनी टोप्या काढल्या. दिशा आपल्या जागेवरून उठून म्हणाली, "मला असलं बक्षीस नको, परत खेळू." कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

निशिगंधा खांबाला टेकून उभी होती. तिला माहीत होतं की देवानं काही केलेलं नाही. तिनं केलं होतं, तिच्या या दोन हातांनी, स्क्रू आवळून. आणि तरीही पडदा काळा झाला तो नेमका चिप बदलणाऱ्याचाच. तिनं ज्याच्यासाठी सूड पाळला त्यालाच तो चावला होता.

"परत खेळायचं तर मशीन चालू व्हायला हवी," विनीत म्हणाला. टेबलाखाली वाकून त्यानं वायर पाहिली, बटण दाबलं. मग यूपीएस बाजूला घ्यायला त्याला हात घातला.

डबा एका हातात वर आला. रिकाम्या घागरीसारखा.

विनीत तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं मान वर करून निशिगंधाकडे पाहिलं. मग डब्याकडे. परत तिच्याकडे. तिला वाटलं, आता हा डबा वर धरून गावाला दाखवणार. दाखवेना का, तिनं तरी त्याला गावासमोर उघडं पाडायचं काय बाकी ठेवलं होतं?

पण विनीतनं डबा दाखवला नाही. त्यानं दोन्ही हात लावले, कमरेत वाकला, दात आवळले आणि अगदी तिच्यासारखंच "आई गं" करत, धापा टाकत तो कोपऱ्यात नेऊन ठेवला. "जड हाय ओ," तो लोकांना म्हणाला. चार पोरं हसली.

हात झटकत तो भागोजीकाकांकडे गेला. "काका, नारळ अजून फुटला नाही ना? मग माझंही एक गाऱ्हाणं घाला." आणि त्यांच्या कानाशी लागला. बराच वेळ बोलला. काकांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, झालं गेलं धुऊन काढायला पोरगा मागतोय, चांगलं आहे.

"बा देवा भैरी, बारा वाड्यांच्या म्हाराजा! आज खरं तं बाहेर आलं, लेकरानं आपल्या तोंडानं कबूल केलंन, त्याच्या डोक्यावर हात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण ज्या कोणी वर एक नाव लावून आत दुसराच माल भरला असेल, नि अजून तोंड मिटून उभा असेल, तो आपल्या तोंडानं सगळ्यांदेखत सांगीपर्यंत त्याला घास गोड लागू देऊ नको, नि रातची झोप लागू देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सुजयचा होता. तो मोकळा झाला होता, रडत होता आणि ओरडत होता.

काकांनी नारळ खाली ठेवला नाही. त्यांनी कान टवकारले.

"एक आवाज कमी पडला."

हॉलमधले लोक एकमेकांकडे बघू लागले. विनीत कोणाकडेच बघत नव्हता, फक्त तिच्याकडे बघत होता. बाजूला सुजय डोळे पुसत उभा होता, ताईनं आपल्याला माफ केलं की नाही ते शोधत. सांगून टाक, तिच्या आतून कोणीतरी म्हणालं. आत्ता, इथं. तिनं तोंड उघडलं.

"व्हय म्हाराजा," निशिगंधा म्हणाली.

नारळ फुटला. पाणी उडालं, लोक प्रसादाला पुढे सरसावले. काकांच्या हातातला पहिला तुकडा विनीतनं घेतला आणि गर्दीतून वाट काढत तो तिच्यापर्यंत आला. त्यानं तो तिच्या हातावर ठेवला आणि तिथंच थांबला. प्रसाद हातात घेऊन कोणी नाही म्हणत नाही. तिनं तुकडा तोंडात टाकला, चावला, परत चावला. तो घशाखाली उतरेना.

"गोड आहे ना गो नारळ, निशू?" विनीतनं विचारलं.